निळा धूर आणि कापडवाल्याचा मेहुणा

२ जून

ताई,

नमस्कार करते आणि लगेच मुद्द्यावर येते. पत्र घरी न धाडता तुमच्या शिवणाच्या दुकानात धाडलंय, ते मुद्दाम. तुमच्याकडे फोन वर्कशॉपात, म्हणजे दादाच उचलणार. आमच्याकडे तो जेवणाच्या टेबलापाशी, म्हणजे शेजारी हे बसलेले. आणि ही गोष्ट दोघा भावांपैकी एकाच्याही कानावर जायला नको.

घोडी धूर ओकतेय. मामंजी जिच्यावर बसून जन्मभर क्लबच्या मैदानाचं गवत कापत आले आणि आता हे कापतात, ती आपली गवतगाडी. सुरू केली की आधी खोकते, मग मागून ढग सोडते. परवा सेक्रेटरीसाहेब खिडकीत उभे राहून फोनवर कुणाला तरी क्लबच्या मोकळ्या हवेचं कौतुक सांगत होते. तेवढ्यात घोडी खिडकीखालून गेली. साहेबांचं वाक्य काही पूर्ण झालं नाही.

दुपारी त्यांनी ह्यांना बोलावून सांगितलं, महिनाअखेरीला सामने आहेत. तोवर धूर थांबला नाही, तर मैदान बाहेरच्या कंपनीकडे जाईल. त्यांच्या नव्या मशिनी आहेत. हे धूड मग भंगारात घाला.

घरी आले ते चपलाही न काढता परत बाहेर पडले. शेडमध्ये जाऊन घोडीच्या सीटवर बसून राहिले. इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. मी चहा तिथेच नेऊन दिला. म्हटलं, दादांना विचारा ना. तर म्हणाले, "मरेन, पण विचारणार नाही." मी म्हटलं, मरायचं कशाला, नुसतं विचारायचंय.

पण तुम्हाला माहीतच आहे. इस्टेटीवरून भांडणारे भाऊ जगात पुष्कळ आहेत. तेल बघायच्या काडीवरून काडीमोड घेणारे आपल्याच घरात. तेव्हा दादांच्या पोटातून धुराचा उपाय काढून घ्यायचं काम तुमचं. कसं काढायचं ते तुम्ही बघा. तुम्ही त्यांच्या पोटातून मागे दाढदुखीसुद्धा काढली होतीत.

तुमची धाकटी

६ जून

अगं धाकटे,

दाढदुखी सोपी होती, गाल सुजला होता. इथे मला अक्कल वापरावी लागली.

दुकानाशेजारचा कापडवाला तुला आठवतो? मी त्याला एक मेहुणा दिला. मेहुणा लांब राहतो, त्याच्याकडे बसून गवत कापायची जुनी गाडी आहे आणि ती धूर सोडते, असं मी काल जेवताना सहज म्हटलं. भाजी वाढता वाढता. तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही.

ह्यांनी विचारलं, "कापडवाल्याच्या मेहुण्याची काळजी तुला का?"

म्हटलं, "कापडवाला रोज माझं डोकं खातो. तुमचं नाव ऐकून आहे. इंजिनातलं तुमच्याइतकं कुणाला कळतं?"

ही मात्रा मी फार वेळा वापरत नाही, म्हणून अजून लागू पडते. हे ताठ बसले. म्हणाले, आधी धुराचा रंग सांगायला सांग. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा असेल तर कुठून तरी पाणी शिरलंय, किंवा पेट्रोल खराब आहे. निळा असेल तर तेल जळतंय. आणि धूर सुरू करताना येतो, की चालून चालून तापल्यावर, तेही सांगायचं.

तेव्हा उजेडात उभी राहा आणि नीट बघून लिही. धुरामागे पांढरी चादर धर, म्हणजे रंग कळेल. मी कापडाचा रंग असाच बघते.

थोरली

१० जून

ताई,

निळा. चादर धरली आणि निळा निघाला. चादर आता धुवायला टाकलीय, पण ती परत पांढरी होईल असं वाटत नाही. सुरू करताना थोडा येतो, चालली की वाढतच जातो. चढाच्या बाजूला मैदान दिसेनासं होतं.

चादर घेऊन उभी राहिले तेव्हा ह्यांनी इंजिन बंद करून विचारलं, हे काय चाललंय. मी म्हटलं, लायब्ररीतून एक पुस्तक आणलंय, इंजिनाचं. त्यात दिलंय असं करायला.

"तू इंजिनाचं पुस्तक आणलंस?"

"का? मला वाचता येत नाही?"

ह्यांनी परत इंजिन सुरू केलं. तेव्हा माझ्याकडे पुस्तक आहे आणि तुमच्याकडे मेहुणा. दोघंही जपून वापरू.

धाकटी

१३ जून

अगं धाकटे,

निळा म्हटल्यावर ह्यांनी भुवई उडवली. मग मेहुण्याची चौकशी केली. गाडी किती जुनी, सीट कशी, मैदान सपाट की चढाचं. मी सगळं सांगत गेले. आता मेहुण्याला बायको आहे, एक शेड आहे आणि चहा फार लागतो. खोटं बोलायला लागलं की संसार मांडायलाच लागतो.

निरोप असा. जसाच्या तसा लिहिते, म्हणजे माझी चूक नको. "त्या गाढवाला म्हणावं, आधी एअर फिल्टर काढून बघ. फिल्टर तेलाने भिजलाय का ते सांग. भिजला असेल तर साबणाच्या कोमट पाण्यात धू, पिळू नकोस, दाबून पाणी काढ, सावलीत वाळव. मग प्लग काढ. प्लग काळा आणि ओला आहे का ते बघ. घाईघाईत इंजिन उघडत बसू नकोस, तुला स्क्रू ठेवलेली वाटी सापडत नाही."

आता मला सांग, कापडवाल्याच्या मेहुण्याला वाटी सापडत नाही हे ह्यांना कसं कळलं? मी काही विचारलं नाही. आणखी भाजी वाढली.

थोरली

१८ जून

ताई,

फिल्टर काढला. स्पंजासारखा तेल प्यायला होता. मी सांगितलं तसा ह्यांनी धुतला, वाळवला. प्लग काळा आणि ओला होता, तोही पुसून बसवला. एक दिवस घोडी अशी शहाण्यासारखी चालली की मी सेक्रेटरीसाहेबांच्या खिडकीकडे बघून उगाच हात केला. दुसऱ्या दिवशी पुन्हा ढग. फिल्टर पुन्हा भिजलेला.

आणि एक घोटाळा झाला. फिल्टर धुताना हे पिळायला निघाले, तर माझ्या तोंडून गेलं, "पिळू नकोस गाढवा." हे तसेच थांबले. हातातून पाणी गळतंय.

"असं पुस्तकात लिहिलंय?"

"हो."

"पुस्तक गाढव म्हणतं?"

"जुनं पुस्तक आहे," मी म्हटलं.

हे हसले नाहीत, पण दिवसभर शेडमध्ये शीळ घालत होते. हिवाळ्यापासून मी ती शीळ ऐकली नव्हती. संध्याकाळी, माझ्याकडे न बघता, म्हणाले, "पुस्तकाला विचार, फिल्टर परत का भिजतोय. आणि पुस्तकाची पाठ आता कशी आहे?"

म्हणजे आपलं पितळ इकडे उघडं पडलंय, ताई. पण हे कळलंय असं दाखवत नाहीत, तर मी तरी का दाखवू? दादांची पाठ कशी आहे, तेवढं लिहा. आणि लवकर लिहा. सामन्यांचे मंडप टाकायला माणसं यायला लागलीत. काल एकजण कोऱ्या मशिनीवर बसून मैदानाच्या कडेने नुसताच फिरून गेला.

धाकटी

२१ जून

अगं धाकटे,

पाठ बरी आहे. डोक्याचं सांगू शकत नाही.

फिल्टर परत भिजला असं सांगितलं आणि ह्यांचा घास हातात राहिला. म्हणाले, "तेल जास्त झालंय." घास परत ताटात ठेवला. मग अगदी हळू, अडखळत विचारलं, "मेहुणा तेल बघतो कसं? काडीचं टोपण फिरवून, की नुसतं टेकवून?"

मी म्हटलं, मला काय माहीत, विचारते.

"नको विचारू," म्हणाले. "फिरवूनच बघत असणार. हट्टी आहे. मग तेल जास्त व्हायचं कारण नाही. पिस्टनच्या रिंगा गेल्या असतील. जुनी मशीन आहे, भंगारात द्या म्हणावं." आणि ताट तसंच सारून उठले.

ज्या घोडीवर बापाने ह्यांना मांडीवर बसवून गाडी चालवायला शिकवलं, ती भंगारात द्या म्हणणारा माणूस माझ्या घरात राहतो, हे मला आजवर माहीत नव्हतं. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलतेय. काल विचारत होते, "त्या मेहुण्याचा गुडघा कसाय? त्याला पायऱ्या चढताना त्रास व्हायचा." मी म्हटलं, कापडवाल्याला विचारा.

कठोर माणूस. मला वाटलं होतं, काडीचं विसरले असतील. विसरले नाहीत. ह्यांना भावाचं इंजिन सुधारायचंच नाही, असंच दिसतंय.

तरी एक कर. तुझा छोटू तेल बघतो कसं, ते शेडमध्ये उभी राहून बघ. ह्यांनी एवढं अडखळून विचारलं, त्यात काहीतरी आहे.

थोरली

२४ जून

ताई,

बघितलं. आणि लगेच लिहायला बसले, अक्षर सांभाळून घ्या.

सकाळी घोडी सुरू करायच्या आधी मी शेडच्या दारात उभी राहिले. ह्यांनी टोपण काढलं. काडी फडक्याने पुसली. परत आत घातली, पण फिरवली नाही. नुसती तोंडावर टेकवली. काढून बघितली, म्हणाले, "कमी आहे," आणि डब्यातून तेल ओतलं.

मी आधी कधी लक्ष दिलं नव्हतं, पण मलासुद्धा आठवतं की हे पूर्वी टोपण घट्ट फिरवायचे. त्यावरूनच तर सगळं झालं. चार माणसांत हे दादांना म्हणाले होते, "दादा, फिरवून बघायचं असतं, तू चुकतोयस." आणि दादा ताटावरून उठून बस स्टँडवर गेले होते.

मी विचारलं, "तुम्ही फिरवत का नाही?"

"नाही फिरवत."

"का पण?"

आधी फडक्याची घडी घातली. मग म्हणाले, "दादा टेकवतो म्हणून. पाना धरायला त्याने शिकवलं. प्लग लावायला त्याने शिकवलं. एवढ्या सगळ्यात मी एका गोष्टीला नाही म्हटलं आणि तो निघून गेला. मग ती एक गोष्ट तरी कशाला ठेवायची. तो गेल्यापासून मी त्याच्यासारखंच बघतो."

ताई, बरणीचं झाकण फिरवलं नाही तर त्याला लावलेला चमचा वरच राहतो, आणि लोणचं आहे त्यापेक्षा कमी वाटतं. हे तर मलासुद्धा कळतं. ह्यांना कळत नसेल? पण रोज कमी दिसतंय म्हणून हे रोज तेल ओततायत. भावाला नाही म्हटल्याचं प्रायश्चित्त घोडीच्या पोटात जातंय.

मी हे ह्यांना सांगितलं. म्हटलं, तुमचंच बरोबर होतं, फिरवून बघा आणि जास्तीचं तेल काढा. तर म्हणाले, "दादाने सांगितलं तर करीन. नाहीतर मैदान गेलं तरी चालेल." आता ह्या माणसाला काय म्हणावं?

सामने रविवारी आहेत. दादांना जे सांगायचंय ते आता सांगा.

धाकटी

२६ जून

अगं धाकटे,

सांगितलं. तुझं पत्र दुकानात वाचलं, शिलाई मशीन थांबवून. संध्याकाळी जेवताना, नेहमीसारखं, ताटाकडे बघतच म्हटलं, "मेहुणा म्हणे काडी नुसती टेकवूनच बघतो."

ह्यांनी मान वर केली. "टेकवून? तो?"

"त्याचा थोरला भाऊ तसं बघायचा म्हणून. भाऊ रागावून गेला तेव्हापासून."

पाणी प्यायले. मग म्हणाले, "कापडवाल्याला मेहुणा नाही. त्याची बायको एकुलती एक आहे. तिच्या बापाची मोटर मी दुरुस्त केलीय."

"हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?"

"हो."

"मग इतके दिवस उत्तरं कशाला देत बसलात?"

"तू विचारत बसलीस म्हणून."

धाकटे, मी परवा ह्यांना कठोर म्हटलं, ते पत्र जाळून टाक. भंगारात द्या का म्हणाले, ते मला आत्ता कळलं. तेल जास्त झालंय म्हटल्याबरोबर ह्यांच्या लक्षात आलं होतं, की छोटू टेकवून बघत असेल तरच असं होणार. आणि टेकवून बघायचं कुणी सांगितलं होतं? मग तोंड कुठे लपवायचं, म्हणून 'रिंगा गेल्या' म्हणाले.

मी सरळ विचारलं, "म्हणजे बरोबर छोटूचंच होतं?"

"मशीन-मशीनवर असतं."

"घोडीचं कसं आहे?"

उठून वर्कशॉपात गेले. आतून कानसीने घासल्याचा आवाज येत राहिला. सकाळी माझ्या हातात ही पुडी ठेवली, ती सोबत पाठवतेय. आत टोपणासकट नवी काडी आहे. निरोप लिहून दिला नाही, तोंडी सांगितला. "काडी नुसती टेकवायची. फिरवायची नाही. खुणेच्या वर जेवढं तेल असेल तेवढं काढून टाकायचं."

मी म्हटलं, अहो, म्हणजे अजून तुमचंच खरं?

म्हणाले, "मी आधीपासून तेच सांगतोय." आणि चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही.

ह्याचा अर्थ मला लागत नाही. तुमच्याकडे लागला तर कळव. मी ह्यांच्याशी बोलू की नको, ते त्यावर ठरवीन.

थोरली

१ जुलै

ताई,

बोला. भरपूर बोला.

पुडी शुक्रवारी पोचली. मी म्हटलं, पुस्तकासोबत हे आलंय. ह्यांनी नवी काडी आणि जुनी काडी टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. टोपणं जुळवली. बराच वेळ बघत बसले. मग हसायला लागले, ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला वाटलं, घास अडकला.

काड्या सारख्याच लांब आहेत. फक्त नव्या काडीवरची खूण जरा खाली कोरलीय. किती खाली? टोपणाचे आटे जेवढे उंच आहेत, बरोबर तेवढीच. म्हणजे नवी काडी नुसती टेकवली तरी तेच माप येतं, जे जुनी पूर्ण फिरवून येतं. "ही खूण इथे कोण कोरेल?" हे म्हणाले. "ज्याला माहीत आहे की फिरवूनच बघायचं असतं, तोच." दादांनी चूक कबूल केली नाही, ताई. काडी अशी करून पाठवली की त्यांची पद्धत बरोबर ठरावी.

ह्यांनी लगेच तेल सोडलं. पातेलंभर निघालं. फिल्टर धुतला, प्लग पुसला. घोडीने आधी उरलंसुरलं ओकलं, आम्ही दोघं श्वास रोखून उभे. मग धूर विरळ झाला, आणि मग नुसता आवाज राहिला. सेक्रेटरीसाहेब खिडकीशी येऊन उभे होते. खूप वेळ वाट बघितली, मग खिडकी उघडीच ठेवून आत गेले. ती कोरी मशीन नंतर काही फिरकली नाही.

मग ह्यांनी स्वतः फोन फिरवला. वर्कशॉपात. मी भांडी घासत होते, नळ बंद केला.

"काडी मिळाली," हे म्हणाले. "खूण केसभर चुकलीय."

तिकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण ह्यांनी फोन कानापासून लांब धरला. "डोळे माझे चांगले आहेत. तुझी कानस घसरली असेल... एवढं वाटतं तर ये आणि बघ."

तुम्हाला माहीतच आहे की शनिवारी सकाळी दादा तुम्हाला काहीतरी थाप मारून निघाले. काय थाप मारली ते कळवा, मी इथे जपून ठेवीन. दारात उभे राहून मला म्हणाले, "मी मशीन बघायला आलोय. बाकी काही नाही." आणि हे पायरी उतरत होते, तर दादांनी आधी बघितलं ते ह्यांच्या गुडघ्याकडे.

शेडमध्ये दोघं वाकले. "फिरवू नकोस," दादा म्हणाले. हे म्हणाले, "नाही फिरवत." नवी काडी टेकवली, बघितली, दोघांनी माना डोलावल्या. मग दादा कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला वळले. ह्यांनी मला डोळा मारला, खिशातून जुनी काडी काढली, आत घातली आणि टोपण गर्रकन पूर्ण फिरवलं.

दादांची पाठ इकडे होती. साबण लावता लावता म्हणाले, "फिरवलीस ना?"

"नाही," हे म्हणाले.

दादांनी नळ बारीक केला.

"मग कुठवर आलं?"

"खुणेवर."

"हं," दादा म्हणाले, आणि हात धूत राहिले.

तुमची धाकटी